छायालेखकाचे पहिले अवजार

हलत्या चित्रांचा धंदा शिकू पाहणारा तरुण आज पुण्यात जागोजागी भेटतो. लग्नकार्यांची चित्रणे करून चार पैसे जमवावेत, त्यांतून कॅमेरा घ्यावा आणि पुढे केव्हा तरी स्वतःचा लघुपट काढावा, एवढी त्याची उमेद. कॅमेरा येतो, आणि पहिल्याच वरातीत ध्यानात येते की चालता चालता घेतलेले चित्र घागरीतल्या पाण्यासारखे डचमळते. मग तो जाणत्यांना विचारू लागतो : कॅमेरा स्थिर ठेवणारे अवजार कोणते घ्यावे? खिशात पैसे बेताचे, बाजारात माल उदंड. प्रश्न किरकोळ दिसतो खरा; परंतु पहिलीच खरेदी फसली म्हणजे पुढचे दोन हंगाम कर्ज फेडण्यात जातात. आम्हांला या प्रश्नाचे कौतुक वाटते ते आणखी एका कारणाने. तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्याच मुलखात घडलेला आहे.

दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या आधारावर पैसा उभा करून लंडनला गेले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी पहिले चित्र कशाचे घेतले? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे! महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपून त्यांनी अंकुराचा वेल होताना दाखविला. या खटाटोपात कॅमेरा तसूभर जरी हलला असता तरी सारे मुसळ केरात. तो पाहूनच सावकाराचा विश्वास बसला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. म्हणजे आपल्या चित्रपटधंद्याचे पहिले भांडवल एका न हललेल्या कॅमेऱ्याच्या तारणावर मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

त्या काळी कॅमेरा तिवईवर बसवण्यावाचून गत्यंतरच नव्हते. एका हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. आणि तेही ताल न चुकवता. दांडा फिरवणाऱ्या हाताचा धक्का सोसायला खाली भक्कम लाकडी पाय हवेतच. तेव्हा छायालेखकाचे पहिले अवजार तिवई, आणि आमच्या मते आजही तेच असावे. पण तरुणांना हे सांगितले की त्यांची तोंडे उतरतात.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गोष्ट याहून बोधप्रद. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नाही, म्हणून आनंदराव आणि बाबूराव या बंधूंनी तो घरीच घडवण्याचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ साली वारले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने काम पुढे रेटले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता केला. त्याच कॅमेऱ्याने घेतलेली ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात आर्यन चित्रपटगृहात लागली, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. गरिबाने यंत्र स्वतः घडवले म्हणजे त्याचा प्रत्येक स्क्रू त्याच्या ओळखीचा होतो. हा लाभ पैशांत मोजता येत नाही. याच दामल्यांनी पुढे शांताराम, फत्तेलाल प्रभृतींबरोबर १९२९ साली ‘प्रभात’ काढली, आणि १९३३ साली ती पुण्यास आली.

बोलपट आला तेव्हा स्थैर्याचा प्रश्न उलटाच झाला. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिक्षेपकाला ऐकू जाऊ नये म्हणून जगभर सुरुवातीला त्याला पेटीत कोंडून ठेवीत. कॅमेरा हलेना, आणि चित्रे नाटकासारखी दिसू लागली. पुढे रूळ आले, चाकांची गाडी आली. पण गाडी ढकलायला माणसे हवीत, रूळ अंथरायला सपाट जमीन हवी. जिना आला की गाडी थांबली. ‘प्रभात’ १९५३ साली बंद पडली. तिच्या जागेवर, लॉ कॉलेज रस्त्यालगत, १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. छायालेखनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण पुण्याच्या मुलांच्या दाराशी आले ते असे.

जिन्याचा प्रश्न सोडवला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया गावच्या गॅरेट ब्राउन या गृहस्थाने. जाहिरातपट काढणाऱ्या या माणसाजवळची कॅमेऱ्याची गाडी ८०० पौंड वजनाची होती. तिला तो विटला. १९७५ च्या सुमारास त्याने अंगात घालायचा पट्टा, स्प्रिंगांचा हात आणि एक दांडा अशी जोडणी सिद्ध केली. नमुन्यादाखल त्याने आपल्या मैत्रिणीला तिथल्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर धावायला लावले आणि तो मागे धावला. ती फीत दिग्दर्शक ॲव्हिल्डसन यांनी पाहिली, आणि १९७६ च्या ‘रॉकी’त नायक त्याच पायऱ्या चढला. या अवजाराला नाव पडले स्टेडीकॅम.

यातले तत्त्व आपल्याला परके नाही. डोंबारी दोरावर चालताना हातात लांब बांबू धरतो तो का? वजन मध्यापासून दूर दोन्ही टोकांना गेले की वस्तू चटकन गिरकी घेत नाही. ब्राउनने तेच केले : दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला बॅटरी आणि चित्र पाहायचा पडदा, आणि धरायची जागा गुरुत्वमध्याच्या किंचित वर. पावलांचा धक्का स्प्रिंगांचा हात गिळतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई हेच काम गुडघ्यांनी आणि कमरेने करते, पट्टा न बांधता.

आता खरेदीकडे वळू. स्वस्तातले दांड्याचे अवजार घेताना पुष्कळजण खाली भाराभर वजन लावतात. मग ते घड्याळाच्या लंबकासारखे झोके घेते; चालायला लागताना एक झोका, थांबताना दुसरा. परीक्षा सोपी आहे. दांडा आडवा धरून सोडावा. तो उभा व्हायला दोन ते तीन सेकंद लागले तर ठीक; धाडकन उभा राहिला तर खालचे वजन कमी करावे. हार्डवेअरच्या दुकानातून नळाचे पाइप आणि लोखंडी वजन आणून असे अवजार घरी बनवणारेही आहेत, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. फिरणारा सांधा नसल्याने त्याची करामत तोकडी पडते हे मान्य. तरी तोल म्हणजे काय हे ते शिकवते.

गेल्या दहाबारा वर्षांत मोटारींवर चालणारे गिंबल स्वस्त झाले. त्यांतली संवेदक-चकती कलणे ओळखते आणि तीन अक्षांवरच्या मोटारी ते क्षणात सावरतात. नवशिक्याला ही जादूच वाटते. पण दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाही. एक, हे यंत्र कलणे आणि वळणे थोपवते, पावलागणिक होणारी वरखाली नव्हे. गुडघे वाकवून टाच आधी टेकवण्याची सवय अंगी लागतेच. दुसरी, तोल हाताने नीट साधला नाही तर मोटारी सारखे बळ लावत तापतात आणि बॅटरी लौकर संपते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कॅमेरा, भिंग, बॅटरी, माइक सारे एकत्र तराजूवर ठेवावे. अवजार पेलू शकेल म्हणून छापलेला आकडा या वजनाहून बराच वर असावा. शिवाय ते तासभर हातात धरून पाहावे. दोन्ही हात पुढे करून दोनअडीच किलो पेलणे ही दुकानात पाच मिनिटे सोपी आणि लग्नात चौथ्या तासाला शिक्षा असते. पाठ एकदा धरली म्हणजे धंदाच बसतो. शक्य तर दोन दिवस भाड्याने आणावे. भाडे बुडीत वाटते, पण चुकीच्या खरेदीपेक्षा स्वस्त पडते.

आणि भाड्याने आणायचेच तर अनंत चतुर्दशीला आणावे. लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकापुढे उलट्या पावली चालत चित्र घ्यावे, सोबत एका मित्राने पाठीवर हात ठेवून वाट दाखवावी. तिथे तिवई उभी राहत नाही, चाकांची गाडी शिरत नाही. त्या एका संध्याकाळी कळते, की आपल्याला पट्ट्याचे अवजार पेलते, की मोटारींचे गिंबल पुरते, की आणखी वर्षभर भिंतीला पाठ टेकवून, कोपरे बरगड्यांना लावून काढलेलीच चित्रे बरी.