ओंडके ओढणारे हत्ती

आलापल्ली म्हटले की साग. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच जंगलपट्ट्यातले सागवान बल्लारपूरहून रवाना झाले आणि हे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. लाकूड कुठे गेले हे सगळ्यांना ठाऊक झाले. पूर्वी अशी झाडे जंगलाबाहेर काढली कोणी, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोपर्यंत अहेरी-सिरोंचाच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले, की गाठावे लागे ते चंद्रपूर. रस्ते थोडे, नाले फार. पावसाळ्यात गावेच्या गावे तुटत. काही आजही तुटतात. अशा मुलखात तोडलेल्या सागाचा ओंडका रस्त्यापर्यंत आणायचा कसा? ट्रक रस्त्यापर्यंत येतो, उतारावर पडलेल्या झाडापर्यंत नाही. म्हणून साठच्या दशकात वनखात्याने इथे हत्ती आणले. ओंडक्याला साखळी बांधायची, ती हत्तीने ओढायची, मग सोंडेने ढकलून थप्पी लावायची. हत्तीबरोबर माहूत आला, चाराकटर आला. आलापल्लीच्या लाकडाचा इतिहास लिहायचा तर तो या जोडीपासून सुरू करायला हवा, असे मला वाटते.

पुढे यंत्रे आली आणि हत्ती रिकामे झाले. अहेरी तालुक्यातले कमलापूर हे मग हत्तीकॅम्पचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. इथले हत्ती पिंजऱ्यात नसतात. चरायला त्यांना जंगलात सोडतात आणि माहूत माग काढत त्यांना परत आणतो. थंडीत त्यांना सुट्टी मिळते. तेव्हा वनौषधी उकळून त्यांचे पाय शेकतात. या शेकाला तिथे ‘चोपिंग’ म्हणतात. शब्द ऐकून हसू येईल, पण जड अंगाच्या जनावराचा सारा भार पायांवर, तेव्हा त्यांची निगा राखावीच लागते.

२०२२ मध्ये या भागातले हत्ती गुजरातेत जामनगरच्या केंद्रात पाठवायचे ठरले, तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. कागदावर हत्ती सरकारी मालमत्ता. गावाच्या लेखी मात्र ते पिढी-दोन पिढ्यांचे शेजारी, शिवाय पर्यटकांमुळे चार पैसे आणणारे. हा दुसरा मुद्दा काहींना हलका वाटला. मला तो पहिल्याइतकाच खरा वाटतो. जिथे तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर रोख पैसा दिसत नाही, तिथे चहाची टपरीसुद्धा राजकारणाचा विषय होते. कमलापूरचे हत्ती राहिले, पातानीलच्या कॅम्पमधले गेले.

यातला योगायोग असा, की पाळीव हत्ती हलवण्याची चर्चा चालू होती, त्याच सुमारास रानटी हत्ती आपल्या पायांनी आले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप जिल्ह्याच्या उत्तर भागात उतरला. धानोरा, कोरची, कुरखेड्याकडे धानाची नासाडी झाली, घरे मोडली, पुढे माणसेही दगावली. २०२४ मध्ये ही झळ भामरागड तालुक्यालाही लागली. त्या गावांनी हत्ती पाहिला होता तो गणपतीच्या रूपात. पिकल्या धानाचा वास त्याला किती दुरून येतो, पिल्लू सोबत असलेली मादी कशी वागते, हे कमलापूरच्या माहुतांना ठाऊक आहे. उत्तरेतला शेतकरी मात्र धानाच्या पुंजण्यांजवळ शेकोटी पेटवून रात्र काढतो.