आंबा पडेपर्यंत...

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला चुलतबहिणीचा फोन आला. "दादा, बागेची नवी वेबसाइट करून घेतलीय. तू या धंद्यातला माणूस, जरा बघून सांग. वापरायला सोपी आहे का, दिसायला नीट वाटते का, आणि मुख्य म्हणजे तिच्यावरून आंबे खपतील का?"

"बघतो" म्हणून फोन ठेवला खरा, पण झोप काही लागेना. कारण आमच्या बागेची पहिली वेबसाइट मीच केली होती, २००१ साली. तिच्याबद्दल घरात कधी कुणी वाकडा शब्द काढला नाही, त्यामुळे मीही आजवर गप्प होतो. नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेत. वाचू देत.

तर झालं होतं असं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो आणि फ्लॅश नावाचं खेळणं हाती आलेलं. काकांना म्हटलं, "काका, आता जग इंटरनेटवर येतंय. तुमची बाग मी जगाला दाखवतो." काकांनी त्या हंगामातल्या पैशातून डोमेन आणि सर्व्हरचा खर्च दिला, वर वेबसाइटचा पत्ता असलेली ५०० कार्डं छापून घेतली. मी महिनाभर जागून साइट केली. आधी काळा पडदा. मग हळूहळू उजाडतं, समुद्राची गाज ऐकू येते, झाडावरून एक आंबा तुटतो, गिरक्या घेत खाली येतो, जमिनीवर आपटून उसळतो आणि त्यातून बागेचं नाव उमटतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'स्किप इंट्रो'. भाव चौथ्या पानावर, आणि फोन नंबर? तोही तिथेच, एका चित्राच्या आत. सगळ्यात खाली किती लोक येऊन गेले ते मोजणारा काउंटर.

ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. ऑफिसात लीज्ड लाइन होती.

मे महिन्यात काका पुण्याला आले. त्यांच्या एका जुन्या मित्राला साइट दाखवायला आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. माझी ती फाइल होती जवळजवळ अर्ध्या एमबीची. ५६ केच्या मोडेमवर अगदी आदर्श परिस्थितीतही तिला सत्तर सेकंद लागणार, आणि आपल्याकडच्या फोनलाइनवर आदर्श परिस्थिती कुणी पाहिली होती? दोन मिनिटं गेली, तीन गेली. काकांचे मित्र घड्याळ बघायला लागले. काका पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "आंबा पडेपर्यंत मे संपेल रे."

मित्र हसले, मीही हसलो. काका मात्र हसले नव्हते, हे मला खूप नंतर आठवलं.

माझ्यासारखे शहाणे जगात बरेच होते, हे पुढे वाचनात येत गेलं. त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे लंडनचं बू डॉट कॉम. अर्न्स्ट मालमस्टेन आणि काय्सा लिअँडर ही स्वीडनची जोडी. स्वीडनमध्ये त्यांनी आधी पुस्तकं विकणारी साइट चालवली होती, म्हणजे अगदीच नवखे नव्हेत. १९९८ मध्ये त्यांनी फॅशनच्या कपड्यांचं जागतिक दुकान इंटरनेटवर काढायचं ठरवलं. पैसा लावणाऱ्यांत बर्नार्ड आर्नो होते, बेनेटन कुटुंब होतं, मोठमोठ्या बँका होत्या. उद्घाटन मे महिन्यात व्हायचं होतं, ते लांबत लांबत नोव्हेंबर १९९९ मध्ये झालं. एकदम १८ देशांत! कपडा सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येई, आणि मदतीला 'मिस बू' नावाची चित्रातली मुलगी बोलत असे.

फक्त हे सगळं बघायला ग्राहकाकडे वेगवान जोडणी हवी, आणि तेव्हा बहुतेक घरांत होता मोडेम. पान उघडायला मिनिटं लागत. मॅकवर तर सुरुवातीला साइट चालतच नव्हती. मे २००० मध्ये कंपनी बुडाली. तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर संपले होते.

आता न्यायाने बोलायचं तर बू केवळ संथ पानांमुळे बुडाली नाही. खर्चाला लगाम नव्हता, आणि मार्च २००० मध्ये नॅस्डॅकने शिखर गाठल्यावर बाजार कोसळायला लागला, तेव्हा नवे पैसे द्यायला कुणी पुढे येईना. शिवाय त्यांच्या कल्पना चूक नव्हत्या. फोटो मोठा करून बघणं, आपापल्या चलनात भाव दिसणं, या गोष्टी आज आपण रोज वापरतो. त्यांनी साइट केली ती ग्राहक कसा असावा असं त्यांना वाटत होतं त्या ग्राहकासाठी. जो ग्राहक खरोखर होता, तो मोडेमची शिट्टी ऐकत बसला होता. माझाही ग्राहक ऑफिसातल्या लीज्ड लाइनवर बसलेला मीच होतो.

गंमत म्हणजे, हे तपासायचं कसं ते तेव्हाही माहीत होतं. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिक या दोन डेन्मार्कवासीयांनी १९९० मध्येच संगणकाचा पडदा तपासायची एक स्वस्त पद्धत मांडली होती. नील्सनने १९९४ मध्ये तिचे दहा नियम पक्के केले. वाचले तर आपल्या आजीनेही सांगितले असते असे वाटतात. काय चाललंय ते माणसाला दिसू द्या. त्याच्या भाषेत बोला. चुकला तर मागे फिरायला वाट ठेवा. लक्षात ठेवायला लावू नका, समोर दिसू द्या. बिनकामाचं काही मांडू नका. माझ्या आंब्याने यातले निदान चार नियम पहिल्या पानावरच मोडले होते.

नील्सनचं दुसरं सांगणं मला जास्त आवडतं. २००० मध्ये त्याने लिहिलं की साइट तपासायला पाच माणसं पुरतात. त्यामागे टॉम लँडावरबरोबर १९९३ मध्ये मांडलेलं गणित होतं. एका माणसाला वापरायला बसवलं तर सरासरी ३१ टक्के दोष सापडतात. दुसऱ्याला बसवलं की त्यातले काही तेच निघतात, काही नवे. असं करत पाचव्या माणसापर्यंत साधारण ८५ टक्के दोष हाती येतात. पुढे प्रत्येक माणसागणिक नवं फार थोडं कळतं. म्हणून एकदम पंधरा जण बसवण्यापेक्षा पाच बसवावेत, दुरुस्त करावं, पुन्हा पाच बसवावेत. या आकड्यांवर नंतर वाद झाले, गुंतागुंतीच्या कामाला पाच पुरत नाहीत असं बऱ्याच जणांनी दाखवलं. पण पाच आणि शून्य यातल्या फरकाबद्दल कुणाचाच वाद नाही. मी शून्य माणसं बसवली होती.

बहिणीचा दुसरा प्रश्न होता, नीट वाटते का. याचाही अभ्यास झालाय. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,६८४ लोकांना साइट दाखवून विचारलं की तुम्ही कशावरून विश्वास ठेवता? सगळ्यात जास्त शेरे निघाले ते साइटच्या दिसण्याबद्दल, ४६.१ टक्के. मजकूर कुणी लिहिला, खरा किती, हे सगळं त्याच्या मागे. त्याच सुमारास त्या त्या विषयातल्या जाणकारांना विचारलं, तर त्यांनी मात्र आधी माहितीचा कस पाहिला. म्हणजे परका माणूस दर्शनावर जातो आणि जाणकार मालावर. आंब्याच्या बाजारात वेगळं काय होतं? नवखा पेटीवरचा कागद बघतो, मुरलेला माणूस देठाशी नाक नेतो. दिसणं महत्त्वाचं नाही असं मी म्हणणार नाही. पण नीट दिसणं आणि डोळे दिपवणं यात फरक आहे, तो मला चोविसाव्या वर्षी कळत नव्हता.

आणि तिसरा प्रश्न. आंबे खपतील का?

इथे आमचा काउंटर आठवतो. दर आठवड्याला मी काकांना फोनवर आकडा सांगायचो. "काका, सातशे झाले!" मोठ्या कंपन्याही तेव्हा 'हिट्स' मोजून फुशारक्या मारत. आणि हिट म्हणजे काय, तर सर्व्हरकडे मागितलेली प्रत्येक फाइल. पानावर वीस चित्रं असली की एकच माणूस एकवीस हिट्स देऊन जाई. माझ्या काउंटरमधले निम्मे तर मीच होतो, रोज उघडून बघणारा. जाहिरातींचंही तसंच. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्डवर एटी अँड टीची पट्टीची जाहिरात लागली, तेव्हा बघणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर टिचकी मारली असं सांगतात. नवलाई होती. पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेलं.

खरं मोजमाप त्याहून कितीतरी जुनं आहे. अमेरिकेतल्या क्लॉड हॉपकिन्सने १९२३ मध्ये जाहिरातीच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्याची रीत साधी होती. वर्तमानपत्रात कूपन छापायचं, प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण ठेवायची आणि परत किती आली ते मोजायचं. किती जणांनी पाहिलं ते राहू दे, किती जणांनी मागवलं ते सांग.

असो. मी गावी गेलो. बहिणीला म्हटलं, मी काही सांगत नाही, आपण काकूला बसवू. काकूचं वय आता चौऱ्याहत्तर. तिच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, "समज, तू पुण्यात राहतेस आणि तुला दोन डझन हापूस हवाय. मी मध्ये बोलणार नाही."

काकूने बागेचा मोठ्ठा फोटो पाहिला, खूश झाली. मग अंगठ्याने वर, खाली. "भाव कुठाय गो?" बहीण सांगायला पुढे झाली, मी तिचा हात धरला. काकूने 'ऑर्डर करा' दाबलं तर साइट म्हणे आधी खातं उघडा, ईमेल द्या, पासवर्ड ठरवा. काकूने चष्मा काढला. "मला आंबे हवेत, खातं कशाला? त्यापेक्षा फोन करते की. नंबर कुठाय?" नंबर पार तळाशी, फिकट करड्या अक्षरात.

हसू नका मंडळी. अमेरिकेच्या सरकारने १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याची साइट सुरू केली, तिथेही योजना बघण्याआधी खातं उघडायची सक्ती होती. लाखो लोक एकदम आले, त्या दारातच खोळंबले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती फक्त सहा जणांची!

दुपारपर्यंत आम्ही शेजारच्या मास्तरांना, पेट्या भरणाऱ्या दोघांना आणि पोस्टमनला बसवलं. झाले पाच. पाचही जण भावापाशी अडले, चार जण खात्यापाशी. बहिणीने त्याच रात्री साइट करणाऱ्या मुलाला फोन केला. भाव वर आला, नंबर मोठा झाला, खातं गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने माळ्यावरून काकांच्या वह्या काढल्या. काकांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. दर हंगामाची एक वही आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे एक रकाना, 'कुणाकडून कळले'. हॉपकिन्स काकांना माहीत असायचं कारण नव्हतं. २००१ ची वही मी उघडली. 'मागील वर्षीचे.' 'बँकेतील साहेब.' 'मागील वर्षीचे.' 'पोस्टातले.' असं पानामागून पान. आणि एकाच ठिकाणी, 'वेबसाइट'. एक पेटी.

ते गिऱ्हाईक माझ्या ऑफिसातला मित्र होता. मीच त्याला गळ घातली होती, पैसेही मीच दिले होते. हे आजवर कुणाला माहीत नाही अशी माझी समजूत होती. त्या नोंदीपुढे काकांच्या बारीक अक्षरात कंसात लिहिलं होतं, 'चि. चा मित्र'.

डोमेनची मुदत दोन वर्षांनी संपली, मी पुन्हा पैसे भरले नाहीत. आंबा तेव्हाच पडला. फ्लॅश तर २०२० च्या अखेरीस अडोबीनेच बंद केलं, आता तो दाखवायचा म्हटलं तरी दिसायचा नाही. पण पेट्यांवरच्या शिक्क्यात काकांनी तो पत्ता शेवटपर्यंत ठेवला होता. मी एकदा म्हटलंही होतं, "काका, साइट बंद आहे, ती ओळ काढून टाका." तर म्हणाले, "असू दे रे. शिक्का चांगला आहे अजून."

नव्या वहीत तोच रकाना ठेवायला बहिणीला सांगून आलोय.