मसुरीचे वरण आणि पौंडभर भाकर

उत्पत्तीच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात एसाव रानातून थकूनभागून घरी येतो आणि भुकेपोटी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावाला विकून टाकतो. मोबदल्यात त्याला मिळते काय? भाकर आणि मसुरीचे वरण. एसावाच्या उतावीळपणावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्याच्या ताटाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. त्या ताटात धान्य होते आणि जोडीला कडधान्य होते. गोरगरिबांच्या जेवणाचा बराचसा इतिहास या जोडीत सामावलेला आहे.

आमच्या वैराग-बार्शीकडे ही जोडी चकोल्यांच्या रूपाने भेटते. तुरीच्या वरणाला उकळी आली की त्यात कणकेच्या पोळीचे तुकडे सोडायचे. एका पातेल्यात साऱ्या घराचे जेवण होते. इटलीतील शेतकऱ्याच्या चुलीवरही असेच पातेले असे. त्यात घेवड्याच्या दाण्यांबरोबर पास्ता, म्हणजे गव्हाच्या पिठाचे वाळवलेले तुकडे, शिजत. ‘पास्ता ए फाजोली’ हे त्याचे नाव.

या सूपाचा इतिहास मनोरंजक आहे. प्राचीन काळी इटलीत जे दाणे खाल्ले जात, त्यांत आपल्या चवळीची जात होती. आज वापरला जाणारा घेवडा, म्हणजे आपला राजमा, अमेरिका खंडातून आला. पोप सातवे क्लेमेंट यांच्याकडून ते दाणे पिएरो वालेरिआनो या विद्वान धर्मगुरूंना मिळाले व त्यांनी १५३२ च्या सुमारास ते आपल्या बेलुनो परगण्यात पेरले, असे तेथे परंपरेने सांगतात. टोमॅटोही त्याच खंडातला. पुढे त्याच शतकात आन्निबाले कार्राची या चित्रकाराने दाण्यांचे कालवण खाणारा एक शेतकरी रंगविला. हातात लाकडी चमचा, समोर पाव आणि कांद्याची पात. रोममधील कोलोन्ना राजवाड्यात ते चित्र आहे. मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी व प्रायश्चित्तकाळात इटलीतील कित्येक कुटुंबांना असल्याच कालवणाचा आधार होता.

आपल्या भगिनींना हे सूप अर्ध्या तासात करता येईल. वाटीभर चवळी किंवा राजमा रात्री भिजत घालावा व सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवावा. चमचाभर तेलात कांदा, लसूण, गाजर व कोथिंबिरीचे देठ परतून दोन टोमॅटो घालावेत. निम्मे दाणे घोटून व निम्मे अख्खे त्यात सोडावेत, म्हणजे सूप आपोआप दाट होते. पाणी व मीठ घालून उकळी आल्यावर मूठभर पास्ता टाकावा. तो नसल्यास घरच्या जाड शेवया चालतील. गव्हात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो कडधान्य पुरवते. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. शास्त्राने हे अलीकडे सांगितले. चुलीला ते आधीच ठाऊक होते.

सत्ताधाऱ्यांना मात्र ते नेहमी ठाऊक होते असे नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत प्रत्येकाला रोज एक पौंड भाकर ठरवून दिली आहे. पण तिच्या जोडीला दोन शिजवलेली कालवणे आहेत आणि कष्ट अधिक पडले तर अन्न वाढविण्याची मुभा मठाधिपतीला आहे. तेरा शतकांनंतर, १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. तेव्हा सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये ठरविले की, दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे पुरेत. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. कष्टकऱ्याला धान्य अधिक हवे आणि डाळही हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात तर हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पौंड दोन्हीकडे तोच. परंतु संत बेनेडिक्टांनी तो माणसाच्या श्रमाकडे पाहून दिला, सरकारने तिजोरीकडे पाहून.

हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. २०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा तुरीच्या याच मुलखात मजुराच्या घरचे वरण पातळ झाले. भाकर राहिली, जोडी तुटली.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना एक विनंती. प्रायश्चित्तकाळातील एखाद्या शुक्रवारी हे सूप किंवा चकोल्या अवश्य करा. वाचलेल्या पैशांची डाळ मात्र शेजारच्या गरजू घरी पोहोचवा. याकोबाजवळ वरण होते आणि दारात भुकेला भाऊ होता. त्याने आधी सौदा केला व मग वाढले. आपण सौद्याविना वाढावे.