अनवाणी शंभर योजनं

नाशिककरांना चालणं नवं नाही. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, नवरात्रात सप्तशृंगीला पायी जाणं, आणि त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघणारी निवृत्तिनाथांची पालखी. आज आपण या चालण्याचाच एक जुना धागा हाती घेऊ.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्याला मोठा कडक सल्ला दिला आहे. रोगी निर्धन असेल तर त्यानं पायांत काही न घालता, छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजनं चालावं. नाहीतर विहीर खणावी! श्रमानं गुण येतो हे त्या वैद्यांनी पाहिलं होतं. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची खोड अशी, की गुण आला म्हटलं तरी 'का आला?' हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

या 'का'चं एक उत्तर कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग यांनी शोधलं. स्नायूत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांतून प्राणवायू स्नायूत उतरतो. विश्रांतीत यातल्या पुष्कळ केशवाहिन्या मिटलेल्या असतात आणि स्नायू कामाला लागला की त्या उघडतात, असं क्रोग यांनी दाखवलं. 1920 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पुढे संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण कामाबरोबर रक्ताचा पुरवठा वाढतो हे टिकलं.

आता योगायोग पाहा. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर, आणि त्यांना मधुमेह. 1922 मध्ये दोघं अमेरिकेत होते. तिकडे टोरांटोत इन्सुलिन नुकतं हाती आलेलं. मारींनी आग्रह धरला, क्रोग टोरांटोला गेले आणि ते बनवण्याची परवानगी घेऊन परतले. 1923 पासून डेन्मार्कमध्ये इन्सुलिन तयार होऊ लागलं. मारी 1943 पर्यंत जगल्या.

इन्सुलिनमुळे माणसं जगू लागली, तेव्हा रोगाचा दुसरा चेहरा दिसला. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं, गरजेच्या वेळी ती नीट सैलावत नाही. 1968 साली अमेरिकेत सिपरस्टीन यांनी मधुमेहींच्या मांडीच्या स्नायूचे बारीक नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केशवाहिन्यांभोवतीचा पापुद्रा जाड झालेला! वर पायाच्या मोठ्या धमन्याही अरुंद होतात. मग चढाला लागताच पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. घरचे म्हणतात, "वय झालं आता." वयाच्या नावावर हे खपवणं आम्हाला मान्य नाही. पोटरीला प्राणवायू पुरत नसेल, ही शंका आधी घ्यायला हवी.

म्हणून सुश्रुतांचं चालणं ठेवावं, अनवाणीपण मात्र सोडावं. मधुमेहात पावलाच्या नसा बधिर होतात. फेरीत खडा रुतला तरी कळत नाही, आणि रक्त कमी पोचतं म्हणून जखम भरत नाही. ती चिघळली तर पाऊल कापण्यापर्यंत पाळी येते. नवस अनवाणी जाण्याचा असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून घ्यावा. घोट्याचा बराच कमी भरला, तर धमनी अरुंद झाली आहे. पण मधुमेहात धमन्या कडक होऊन तो आकडा फसवा, जास्तही येतो. तेव्हा पावलावरची नाडीही बोटांनी तपासायला सांगावं.