रस्ता आणि लोकधर्म (कोल्हापूर जिल्हा)

गावाची वेस, तिकटी, घाटमाथा, ओढ्यावरची उतरण ही धोक्याची ठिकाणे म्हसोबा, मरीआई, मारुती यांच्या हवाली करण्याची रीत कोल्हापूरच्या खेड्यांत मोटाररस्त्यांहून फार जुनी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटा जिथे मिळतात तिथे आढळतात, असे दाखवले. त्यामुळे डांबरी रस्ता आला म्हणून नवा धर्म घडवावा लागला नाही. वेशीची राखण महामार्गापर्यंत वाढली, एवढेच. आजाऱ्यावरून ओवाळलेला उतारा तिकटीवर ठेवणारे गाव नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबू ठेवते. खंडेनवमीला शस्त्रांशेजारी ट्रॅक्टर, वडापची जीप आणि दुचाकीही झेंडूच्या माळा घालून उभ्या असतात. क्वचित रस्ताच दैवताला जन्म देतो. बोरघाटातील शिंगरोबा हे त्याचे ठळक उदाहरण: इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि त्यांच्याच हातून मारल्या गेलेल्या धनगराची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. रस्त्याने घेतलेला बळी देव करून त्याची भरपाई करणे, हा या कथेचा गाभा दिसतो.

हे सारे अंधश्रद्धेत जमा करणाऱ्यांचा आक्षेप असा, की अपघाताचे खापर मुंजाच्या भुतावर फोडले की वळणाचा चुकलेला उतार, नसलेला भुयारी मार्ग आणि पेंगणारा चालक हे सगळे सुटतात. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. नवस बोलणारे गाव गतिरोधकासाठी रास्ता रोकोही करते. एकाने दुसरे अडत नाही. शिवाय सरकारी व्याख्येनुसार साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा अपघातप्रवण ठरते. गावाला दगडाला शेंदूर फासायला एक मृत्यू पुरतो. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा अशा घाटांतून कोकणात उतरणाऱ्या परक्या चालकाला असे ठाणे निदान वेग कमी करायला लावू शकते. अपघात त्याने किती टळतात, हा मात्र वेगळा प्रश्न.

दुसरा आक्षेप अतिक्रमणाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. सार्वजनिक रस्त्यांवर नवी अनधिकृत धर्मस्थळे उभारू देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये दिला. त्यावर देव हलत नसतो, हे उत्तर परंपरेलाच धरून नाही: कौल लावून, कलश उतरवून देवाची जागा बदलण्याची रीत लोकधर्मात आहेच, आणि रुंदीकरणात तिचा आधार घेता येतो. अडचण बहुधा दगडाची नसते, त्याभोवती वर्गणीतून चढत जाणाऱ्या सभामंडपाची असते. वळणावरचा असा मंडप समोरून येणारी उसाची ट्रॉली झाकतो.