देहसौष्ठवाची पारख

कुस्तीचा निकाल माती देते. पाठ टेकली की वाद संपला. पंचाचा हात वर जाण्याआधीच प्रेक्षकांच्या टोप्या उडालेल्या असतात. आपल्याच जिल्ह्यातील कोठुऱ्याच्या बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस ज्या मल्लखांबाला नवे तेज दिले, त्यातही पकड सुटली की सुटली, ती सर्वांना दिसते. परंतु दोन पुरुष नुसते उभे आहेत, कोणी कोणास हातही लावीत नाही, आणि त्यांतील एकास श्रेष्ठ ठरवावयाचे आहे; हे कशाच्या आधारे? शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेतला मूळ पेच हाच होय.

हा पेच प्रथम मोठ्या प्रमाणावर सोडविण्याचा मान यूजीन सँडो यास द्यावा लागतो. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने भरविलेल्या सामन्यात सर चार्ल्स लॉज हे शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे परीक्षक होते. स्वतः सँडो निर्णायक पंच. शिल्पकाराला बोलावण्यात मोठे मर्म आहे. ग्रीक पुतळ्यांच्या मापाने माणूस मोजावयाचा होता! सर्वांत मोठ्या दंडाला बक्षीस नाही, हे सँडोने आधीच बजावले होते. एकंदर वाढ, अवयवांचा समतोल, स्नायूंचा घट्टपणा, आरोग्य आणि त्वचेची स्थिती अशा त्याच्या कसोट्या होत्या. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे सोन्याची प्रतिमा घेऊन गेला.

सँडोचे वारे आपल्याकडेही पोहोचले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याची पुस्तके व साधने आणवून दहा वर्षे तो व्यायाम केला, आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांना बहुधा आरशापेक्षा प्रकृतीची साक्ष अधिक पटली असावी, असे आम्हांस वाटते.

१९४६ साली वायडर बंधूंनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. त्या संघटनेच्या रीतीत डोळ्याला लगाम घालण्याची एक युक्ती आहे. नऊ परीक्षक वेगवेगळे बसून प्रत्येक खेळाडूस क्रमांक देतात. त्यांतले दोन सर्वांत वरचे व दोन सर्वांत खालचे आकडे खोडून उरलेल्या पाचांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. एखाद्यास १, १, १, २, २, २, ३, ३, ६ असे आकडे पडले, तर त्याची बेरीज १० होते. रुसलेल्या परीक्षकाचा सहावा क्रमांक वाया जातो आणि आप्ताने दिलेला पहिलाही.

पाहावयाचे काय? आकारमान, प्रमाणबद्धता आणि रेखीवपणा. खेळाडूला चारही बाजूंनी वळवितात, मग ठरलेल्या सात पोझ घ्यावयास लावतात. तालमीत दंडाच्या बेटकुळ्यांवरच जीव टाकणारा गडी समोरून बाजी मारतो. पाठ फिरविली की पोटऱ्या त्याची चहाडी करतात! उंचीचाही अन्याय होऊ नये म्हणून गट पाडतात. म्हणूनच १९५२ साली जेमतेम पाच फुटांचे बंगाली मनोहर आईच लंडनच्या 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेत आपल्या गटात पहिले येऊ शकले. आदल्या वर्षी मनतोष रॉय यांनी तसेच यश मिळविले होते. २०१० साली कोल्हापूरच्या सुहास खामकरांनी 'मिस्टर एशिया' किताब आणला, तेव्हा या खेळाकडे मराठी तरुणांची दृष्टी वळली.

सँडोच्या यादीतली एक कसोटी मात्र परीक्षकाच्या कागदावरून गळाली: आरोग्य. त्वचा कागदासारखी पातळ दिसावी म्हणून मंचावर येण्यापूर्वी पाणी तोडणारे खेळाडू आहेत. ते चक्कर येऊन पडण्याच्या बेतात असतात, आणि दिसतात मात्र सर्वांत सुदृढ. संप्रेरकांची सुई टोचून वाढविलेला स्नायू आणि जोर-बैठकांनी कमावलेला स्नायू दिव्यांच्या झोतात सारखेच चमकतात. यकृत, मूत्रपिंड यांचा क्रमांक लावण्याची सोय मेजावर नाही. त्यासाठी लघवीचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि तिचा कागद येतो तो हारतुरे सुकल्यानंतर.