बाणाची काडी आणि मापाची विद्या

शिवालिकच्या पायथ्याशी वसलेले चंदीगड हे मापातून जन्मलेले नगर आहे. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, आणि त्या उणिवेतून हे शहर उभे राहिले. वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए याने ते १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद अशा सेक्टरांत आखले आणि मनुष्यदेहाच्या प्रमाणांवरून सिद्ध केलेली आपली मापपद्धती तेथील इमारतींना लावली. अशा नगरात मोजमापाच्या उपकरणांची राष्ट्रीय संस्था नांदावी, हे त्याला शोभणारेच होते.

केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९५९ साली दिल्लीत स्थापन झाली आणि १९६२ मध्ये चंदीगडला आली. तिच्या जन्मामागे एक अडचण होती. १९५७-५८ च्या सुमारास देशाला परकीय चलनाची तीव्र टंचाई भासत होती, आणि प्रयोगशाळांतील व कारखान्यांतील नाजूक उपकरणे मात्र बहुतांशी परदेशांतूनच येत. असे एखादे उपकरण बिघडले की ते दुरुस्त करणारा हात शोधावा लागे. म्हणून नवी उपकरणे योजण्याबरोबरच दुरुस्ती हेही या संघटनेचे काम ठरले. १९६३ साली स्वित्झर्लंडच्या सहकार्याने तेथेच भारत-स्विस प्रशिक्षण केंद्र निघाले आणि तरुणांचे हात सूक्ष्म कामाला वळू लागले.

परंतु उपकरण घडविणे म्हणजे नेमके काय? मोठ्या यंत्रांच्या गर्दीत हा प्रश्न हरवतो. त्याचे उत्तर एखाद्या लहानशा साधनात अधिक स्पष्ट दिसते. तिरंदाज घरी बनवू शकतो असे, बाणाच्या काडीचा ताठरपणा मोजणारे साधन हे त्याचे चांगले उदाहरण होय.

बाणाची परीक्षा आपल्याकडे फार जुनी आहे. धनुर्वेदाच्या ग्रंथांत पुढे जाड असणारा बाण स्त्री, मागे जाड असणारा पुरुष आणि सर्वत्र सारखा असणारा नपुंसक, असे भेद केलेले आढळतात. पहिला दूर जातो, दुसरा खोल भेदतो आणि तिसरा लक्ष्याच्या सरावाला योग्य, असा त्यांचा अभिप्राय. कारागीर काडी डोळ्यासमोर धरून तिचा सरळपणा पाही आणि बोटांनी किंचित वाकवून तिचा जोर ओळखी. हे ज्ञान खरे होते. पण ते त्या बोटांतच राहिले. कारागिराबरोबर ते नाहीसे होई, कारण त्याला आकडा नव्हता.

ताठरपणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर धनुष्याच्या रचनेत आहे. प्रत्यंचा सुटली की ती धनुष्याच्या मध्याकडे धावते, आणि बाणाच्या वाटेत धनुष्याची मूठ आडवी येते. मग बाण लक्ष्याकडे जातो कसा? विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकन पदार्थवैज्ञानिक क्लॅरेन्स हिकमन याने अतिजलद छायाचित्रणाने याचा उलगडा केला. सुटलेला बाण सापासारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि डोलत डोलत मार्गाला लागतो. काडी गरजेपेक्षा ताठ असेल तर उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा बाण डावीकडे पडतो, आणि फार लवचीक असेल तर उजवीकडे. नेम अचूक असूनही वेध चुकतो, आणि दोष बिचाऱ्या हाताला लागतो.

हा दोष पकडणारे साधन अगदी साधे आहे. एका फळीवर परस्परांपासून २६ इंच, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर अंतरावर दोन आधार उभे करावयाचे, त्यांच्या खाचांवर काडी ठेवावयाची आणि बरोबर मध्यावर दोन पौंडांचे, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅमचे वजन टांगावयाचे. काडी किती इंच लवली त्या आकड्याने २६ ला भागले की जुन्या पद्धतीचा ताठरपणाचा अंक मिळतो. अर्धा इंच लवली तर अंक ५२. लवण नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नसेल तर एक हलका काटा अशा रीतीने बसवावा की त्याचा लहान बाहू काडीला टेकेल आणि दसपट लांब असलेला दुसरा बाहू कागदी कमानीवर फिरेल. मिलिमीटरभर लवण तेथे सेंटिमीटरभर दिसते.

साधेपणामागे शिस्त मात्र कडक आहे. लवण आधारांमधील अंतराच्या घनाप्रमाणे वाढते. २६ इंचांऐवजी २८ इंच अंतर ठेवले तर तेच वजन काडीला जवळजवळ सव्वापट लववते. भरीव काडीचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. दहा मिलिमीटरांऐवजी अकरा मिलिमीटर जाडीची काडी सुमारे दीडपट ताठर निघते. डोळ्याला न जाणवणारा फरक बाणाला जाणवतो तो असा. म्हणून साधन तयार झाले तरी त्यावर लगेच विश्वास टाकता येत नाही. ज्ञात जाडीच्या पोलादी सळईची लवण गणिताने काढावी, साधनावर ताडून पाहावी आणि मगच काड्यांना हात घालावा.

कारखान्यातून येणाऱ्या कार्बनच्या बाणांवर ताठरपणाचा अंक छापलेला असतो, मात्र तो वेगळ्या पद्धतीचा असतो. बांबूच्या दोन काड्या मात्र कधीच सारख्या नसतात. भारतात बांबूच्या धनुष्याने ५० व ३० मीटरांवर नेम धरण्याची स्पर्धापद्धती रुजली आहे, आणि महागडी सामग्री न परवडणारी कित्येक मुले तिच्यातूनच या खेळात येतात. अशा मुलाला शंभर काड्यांतून सारख्या डझनभर काड्या निवडून देणे हे त्या फळीचे आणि दोन आधारांचे काम. ते झाले नाही तर आपला हातच वाईट आहे, असे समजून तो धनुष्य खाली ठेवील.

चंदीगडच्या संघटनेने पुढे ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठी वैमानिकाच्या दृष्टीसमोर माहिती व नेमाची खूण दाखविणारे उपकरण तयार केले. त्या काचेत आणि या फळीत फार मोठे अंतर आहे. तरी ज्ञात मापाशी ताडून पाहिल्याशिवाय आकड्यावर विसंबू नये, हा दोहोंचा नियम एकच आहे. तो नियम पाळावयास परकीय चलन लागत नाही. लागते ती एक सरळ फळी, खरे वजन आणि आपलेच माप पुन्हा तपासून पाहण्याची तयारी.